गळाच्या काठीची मूठ

गळाची काठी आपण सर्वांनी पाहिली आहे. वाळलेला बांबू घ्यायचा. टोकाला दोरा बांधायचा. दोऱ्याला गळ, गळाला गांडूळ. झाली काठी. तिला वेगळी मूठ नसते. बांबूचे जाड टोक हीच मूठ.

आमच्या वाघोलीच्या दक्षिणेला मुळा-मुठा वाहते. उत्तरेला भीमा आहे. तुळापूरला तिला इंद्रायणी मिळते. दोन्ही बाजूंना नदी, म्हणून गळ टाकणारी माणसे इथे पहिल्यापासून आहेत. कर्नल साईक्स नावाचा एक इंग्रज अधिकारी पुणे भागात फिरला होता. त्याने नदीतले मासे पाहिले, त्यांची इथल्या लोकांनी सांगितलेली नावे लिहून घेतली. १८३९ साली त्याने ते छापले. त्यात 'खुद्री' नावाचा एक मोठा मासा आहे. तो त्याला पुण्याच्या पूर्वेला, म्हणजे आपल्याच बाजूला, मुळा-मुठेत मिळाला होता. हा महाशीर जातीचा मासा. आज जगातले शास्त्रज्ञ त्याला जे नाव देतात त्यात 'खुद्री' हा शब्द तसाच आहे. आपल्या नदीकाठच्या कोणा माणसाच्या तोंडचा शब्द असा जगभर गेला. नदीचे पाणी मात्र आता तसे राहिले नाही.

हा धडा माशाचा नाही, मुठीचा आहे. पण काठी कशासाठी ते कळले म्हणजे मूठ कशी हवी ते कळते.

शहरात हौसेने गळ टाकणारे लोक असतात. मुंबईला पवई तलावावर अशा लोकांची जुनी संस्था आहे. हे लोक तासन् तास पाण्याकाठी बसतात. मासा लागला की ओढतात, हातात धरतात, फोटो काढतात आणि पुष्कळ वेळा परत पाण्यात सोडून देतात. आम्हाला हे प्रथम ऐकून हसू आले. आमच्या वर्गातल्या एक बाई म्हणाल्या, "मग धरायचा कशाला?" त्याचे उत्तर आमच्याजवळ नाही. हौस आहे.

त्यांची काठी बांबूची नसते. काचेच्या तंतूंची किंवा कार्बनच्या तंतूंची पोकळ नळी असते. ती बोटासारखी बारीक आणि फार लवचिक. तिला दोरा गुंडाळायचे चाक लावलेले असते. त्याला रीळ म्हणतात. एवढी बारीक नळी नुसती हातात धरता येत नाही. म्हणून तिच्या मागच्या भागावर मूठ चढवावी लागते. चाकाच्या पुढे थोडी मूठ, मध्ये चाक बसवायची जागा, आणि चाकाच्या मागे लांब मूठ. असे तीन भाग. काही हौशी लोक दुकानातली तयार काठी घेत नाहीत. आपल्या हाताच्या मापाची मूठ करून घेतात. त्यात रंगीत लाकडाची नक्षी बसवून घेतात. अशा नक्षीला जडाव म्हणतात.

जडाव म्हणजे चिकटवणे नव्हे. एका वस्तूत खाच करायची, तिच्यात दुसरी वस्तू नेमकी बसवायची, आणि दोन्ही एका पातळीत घासायच्या. डोळ्यांना दोन रंग दिसतात, पण बोट फिरवले तर सांधा लागत नाही. लग्नातल्या पाटावर पितळेची फुले असतात ती आठवा. चांगल्या सुताराच्या पाटावर ते फूल हाताला लागत नाही. वाईट सुताराच्या पाटावर बसले तर धोतर फाटते.

आमच्या आळीत एक सुतार आहेत. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात. आम्हीही मिस्त्रीच म्हणू. त्यांचे वडील गावचे बलुतेदार होते. औत, कुळव, पाभर, बैलगाडी, सगळे त्यांच्या हातचे. मिस्त्रींच्या उमेदीत लाकडी औते गेली. लोखंडी आली, मग ट्रॅक्टर आला. गावात दगडाच्या खाणी वाढल्या. तेव्हा मिस्त्री खाणीवरच्या लोकांना हातोड्यांचे दांडे करून देऊ लागले. पुढे दारे-खिडक्या केल्या. मग इमारती उठल्या. २०२१ साली वाघोली पुणे महानगरपालिकेत गेली. दारे तयार येऊ लागली. कपाटे कारखान्यातून येऊ लागली. मिस्त्रींचा रंधा आठवडा आठवडा भिंतीला टांगलेला राहू लागला.

अशा वेळी त्यांच्या मुलाच्या ओळखीने एक गिऱ्हाईक आले. खराडीला नोकरी करणारे गृहस्थ. त्यांनी नळी आणली, बुचाच्या चकत्या आणल्या, चाक आणले. मूठ करून द्या म्हणाले. नमुना म्हणून एक जुनी मूठ दाखवली. मिस्त्री घरात लाकूड दाखवायला गेले तेवढ्यात त्यांनी एक चिठ्ठी लिहून ठेवली आणि घाईने निघून गेले.

चिठ्ठी मराठीत होती. चार ओळींची होती. मिस्त्रींना तेव्हा वाचता येत नव्हते. त्यांनी ती खिशात घातली. मुलगा कामावर, सून माहेरी. शेजारी कोणाला दाखवायची तर लाज वाटली. "साठी आली आन् चिठ्ठी वाचून घ्यायला पोराटोराकडं जायचं का? काय असणार तिच्यात? नक्षी चांगली करा, असंच असंल." असे त्यांनी मनाशी म्हटले. हे त्यांनीच आम्हाला पुढे सांगितले. लिहा म्हणाले, म्हणून लिहितो.

पंधरा दिवस संध्याकाळी बसून त्यांनी मूठ केली. जीव ओतून केली. सबंध मुठीवर शिसवी लाकडाच्या पट्ट्या बसवल्या. मध्ये मध्ये शिंपल्याचे तुकडे बसवले. वर चकचकीत व्हार्निश दिले. आळीतले लोक बघायला आले.

गृहस्थ आले. त्यांनी मूठ हातात घेतली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग नळाखाली हात ओला केला आणि पुन्हा धरली. मूठ हातात फिरली. ते म्हणाले, "मिस्त्री, काम फार सुंदर आहे. पण मी लिहिलं होतं ना?" मिस्त्रींनी खिशातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी वाचून दाखवली. तिच्यात लिहिले होते: 'जाडी १ इंच. चाकाच्या दोन्ही बाजूंचे बूच साधे ठेवावे. सजावट फक्त मागच्या टोकाला, २ इंचांत. व्हार्निश नको.'

मिस्त्रींनी जाडी १० सूत केली होती. तुम्हाला माहीत आहे, ८ सुतांचा १ इंच. म्हणजे २ सूत जास्त. गृहस्थांचा हात लहान. त्यांनी बुचाचे पैसे मागितले नाहीत, पण मजुरी दिली नाही. देण्यासारखे काम झाले नव्हते, हे मिस्त्रीही मान्य करतात. पुढच्या सोमवारी ते आमच्या वर्गाला येऊन मागच्या ओळीत बसले.

आता ती मूठ का बिघडली ते नीट पाहू. कारण मापाची चूक एकच होती, कामाच्या चुका तीन होत्या.

पहिली चूक बूच न ओळखण्याची. आपण बाटलीला लावतो ते बूच एका झाडाची साल असते. हे झाड ओकच्या जातीचे. पोर्तुगाल देशात ते फार आहे. जगातले निम्मे बूच त्या एका देशातून येते. झाड सुमारे पंचवीस वर्षांचे झाले की पहिल्यांदा साल काढतात. पुढे दर नऊ वर्षांनी काढतात. आपल्याकडे बाभळीची साल सगळी काढली तर बाभूळ वाळते. हे झाड वाळत नाही, नवी साल धरते. या सालीत हवेने भरलेली बारीक बारीक घरे असतात. म्हणून ती हलकी असते, पाणी पीत नाही, थंडीत गार लागत नाही. आणि मुख्य गोष्ट, ओली झाली तरी हातातून सटकत नाही. म्हणून तर मूठ बुचाची करतात. त्या बुचावर व्हार्निश दिले की ही घरे बुजली. पावशेर किमतीची वस्तू शेराला घेऊन तिचा गुणच झाकून टाकला.

दुसरी चूक जागेची. मूठ हातात कुठे दाबली जाते ते आधी पाहावे. काठीच्या मुठीत तळवा आणि चार बोटे चाकाच्या आसपास असतात. सबंध जोर तिथे येतो. तिथे नुसते बूच हवे. मागचे टोक कोपराकडे जाते, तिथे हात क्वचित जातो. जडाव तिथे करावा. किंवा अगदी पुढे, बोटे संपल्यावर, एखादी कडी बसवावी. खाणीवरच्या घणाचा दांडा मिस्त्रींनी शेकड्याने केला असेल. त्याला हात धरतात तिथे ते कधी गाठ ठेवत नसत. दांडा फिरला की घण पायावर. पण नक्षी म्हटल्यावर हे सगळे ते विसरले. चांगल्या कारागिराचेही असे होते. आमचेही होई. फळ्यावर सुवाच्य अक्षर काढण्याच्या नादात मुलांकडे पाठ राहून जाई.

तिसरी चूक घासण्यात होती. बूच मऊ, शिसव कठीण. दोन्ही एकत्र घासले तर बूच लवकर झिजते, लाकूड तसेच राहते. मग लाकडाची कड वर येते आणि हाताला लागते. मिस्त्रींनी पॉलिश पेपर हातात धरून घासले होते. बोटे मऊ असतात. ती बुचात आत शिरतात. त्याऐवजी पेपर सपाट लाकडी ठोकळ्यावर गुंडाळून घासावे, म्हणजे ठोकळा दोन्हींवर सारखा टेकतो.

जडावाचे काम आपल्याकडे नवे नाही. दोन ठिकाणे सांगतो. एक मिरज, सांगली जिल्ह्यातले. तिथे सतार आणि तंबोरा तयार होतो. हे काम शिकलगार घराण्यांनी सुरू केले. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले करणारे आणि त्यांना धार लावणारे. इंग्रजांचे राज्य आले, तलवारीचे काम संपले. १८५० च्या सुमारास त्यांतल्या फरीदसाहेब यांनी वाद्ये करायला घेतली. पुढे या घराण्यांचे आडनावच सतारमेकर झाले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने येतो. त्यावर आणि लाकडी दांडीवर पांढरी नक्षी असते. पूर्वी ती हस्तिदंताचीही असे. आता हस्तिदंताचा व्यापार कायद्याने बंद आहे. म्हणून पांढरी प्लॅस्टिकची पट्टी बसवतात, तिच्यावर टोकदार हत्याराने वेलबुट्टी कोरतात आणि कोरलेल्या रेघेत काळा रंग भरतात. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला सरकारची भौगोलिक नोंद मिळाली. म्हणजे मिरजेचे नाव दुसऱ्या कोणी आपल्या मालाला लावायचे नाही. तलवार करणारा हात सतारीकडे वळला, हे आम्हाला या गोष्टीत फार आवडते. मिस्त्रींना आम्ही ती मुद्दाम सांगितली.

नक्षी कुठे असते तेही तंबोऱ्यावर पाहण्यासारखे आहे. भोपळ्याच्या कडेला असते. दांडीच्या कडेला असते. तारा वाजतात त्या वाटेत येत नाही.

दुसरे ठिकाण बीदर. आज ते कर्नाटकात आहे. १९५६ पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. तिथल्या कामाला बिदरी म्हणतात. जस्तात थोडे तांबे मिसळून भांडे ओततात. सोळा भाग जस्त तर एक भाग तांबे, असे सुमारे प्रमाण. मग छिन्नीने नक्षी कोरतात आणि त्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. वर कानस मारून सपाट करतात. शेवटी जुन्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात मिसळून भांड्याला लावतात. जस्त काळेभोर होते. चांदी पांढरीच राहते. तार खाचेत कशी धरून राहते? खाच वर अरुंद आणि तळाशी किंचित रुंद कोरतात. चांदी मऊ. ठोकली की तळाशी पसरते, मग वर निघत नाही. डिंक लागत नाही. लाकडात पितळेची तार बसवायची असेल तर हीच युक्ती करावी.

आता मूठ कशी करायची ते सांगतो. मिस्त्री बोलत गेले, आम्ही लिहीत गेलो.

बुचाच्या चकत्या तयार मिळतात. अर्धा इंच जाड, सव्वा इंच रुंद, मध्ये भोक. आठ इंचांची मूठ करायची तर सोळा चकत्या लागतात. आधी प्रत्येक चकती हातात घेऊन पाहावी. काहींना खड्डे असतात, काही निबर असतात. चांगल्या चकत्या हाताखाली येतील अशा लावाव्या. खड्ड्यांच्या मागे लावाव्या. डिंक लावण्यापूर्वी सगळ्या ओळीने जमिनीवर मांडाव्या आणि त्यांवर पेन्सिलीने १, २, ३ असे आकडे घालावे.

एक आट्यांची सळई घ्यावी. तिला मेण चोळावे. मेण नसेल तर डिंक सळईला धरतो आणि मूठ निघत नाही. मिस्त्रींची पहिली अशीच अडकली होती. चकत्या सळईत ओवाव्या. प्रत्येक दोघींमध्ये दोन नळ्यांचा येतो तो डिंक लावावा, ज्याला आपण एरल्डाईट म्हणतो. दोन्ही नळ्यांतला डिंक सारखा घेऊन चांगला कालवावा. एक जास्त, एक कमी झाले तर तो वाळतच नाही. पातळ लावावा. जाड लावला तर वाळल्यावर कठीण रेघ होते आणि घासताना वर येते. दोन्ही बाजूंनी नट बसवून आवळावे, पण चकत्या चेपतील इतके नाही. चोवीस तास हात लावू नये.

जडावाचा तुकडा वेगळा करायचा. सर्वांत सोपी म्हणजे कडी. शिसवीची पातळ चकती कापावी, मध्ये भोक पाडावे आणि बुचाच्या दोन चकत्यांमध्ये ओवावी. बस. काळी रेघ दिसते. दोन शिसवीच्या मध्ये फणसाची एक पिवळी घातली तर लुगड्याच्या काठासारखी दिसते. शिकणाऱ्याने पहिल्या दोन-तीन मुठी अशाच कराव्या.

दुसरी रीत चौकटींची. बूच आणि लाकूड यांच्या सारख्या जाडीच्या पट्ट्या एक सोडून एक चिकटवाव्या. वाळल्यावर त्या आडव्या कापाव्या. मग एक कापलेली पट्टी सुलटी, एक उलटी अशा पुन्हा चिकटवल्या की सोंगट्यांच्या पटासारखी घरे होतात. यात माप चुकले की सगळेच चुकते. सुताचाही फरक चालत नाही.

तिसरी रीत वेणीची. मिस्त्रींच्या हातची आता हीच नावाजली आहे. दोन इंच लांबीचा शिसवीचा चौकोनी ठोकळा घ्यावा. त्याला भोक पाडू नये, भोक शेवटी. करवतीने त्याला तिरका काप द्यावा. पण आरपार कापू नये. पलीकडे सूतभर लाकूड राखावे, नाहीतर दोन तुकडे होऊन सरकतात. करवतीने जेवढी फट पडली तेवढ्याच जाडीची फणसाची पट्टी घासून घ्यावी. ती फटीत डिंक लावून सरकवावी. ठोकू लागली तर जाड आहे. आपोआप पडली तर पातळ आहे. हाताच्या दाबाने गेली पाहिजे. एक दिवस वाळू द्यावी. दुसऱ्या दिवशी ठोकळा उलटा करून समोरच्या बाजूने तसाच तिरका काप. तिसऱ्या दिवशी उरलेल्या बाजूंपैकी एक, चौथ्या दिवशी दुसरी. चारही पट्ट्या बसल्यावर मध्ये भोक पाडावे आणि ठोकळा गोल घासावा. चौकोनी ठोकळ्यावर नुसत्या तिरक्या रेघा दिसत होत्या. गोल होता होता त्या वळतात, एकीवरून एक जातात, आणि पिवळ्या दोरीची वेणी गुंफल्यासारखी दिसते. आम्ही हे प्रथम पाहिले तेव्हा आम्हाला भूमितीचा तास आठवला. नळकांडे तिरके कापले की लांबट गोल मिळतो, हे आम्ही पुष्कळ वर्षे फळ्यावर शिकवले. लाकडात ते कधी पाहिले नव्हते.

हा ठोकळा मुठीच्या मागच्या टोकाला जोडायचा. मग सगळी मूठ फिरवून घासायची. मिस्त्रींकडे मोठे खराद यंत्र नाही. त्यांनी भोक पाडायचे विजेचे यंत्र बाकाला घट्ट बांधले आहे. सळईचे एक टोक त्यात धरतात, दुसरे टोक लाकडाच्या खाचेत फिरते. आधी ८० नंबरचा पॉलिश पेपर, मग १२०, मग २२०, शेवटी ४००. ठोकळ्यावर गुंडाळलेला, हे मागे सांगितले. मधून मधून यंत्र बंद करून माप घ्यावे. बूच झटकन झिजते. कमी झालेले बूच परत वाढत नाही.

भुसा नाकात जाऊ देऊ नये. शिसवीच्या भुशाने खोकला येतो, काहींच्या अंगाला खाज सुटते. शिंपला घासायचा तर पाणी लावूनच घासावा. त्याची कोरडी धूळ छातीला फार वाईट. आपल्या गावाला हे वेगळे सांगायला नको. खाणीत दगडाची धूळ खाऊन छातीने गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. तोंडाला फडके बांधणे पुरत नाही. औषधाच्या किंवा रंगाच्या दुकानात धूळ अडवणारा मास्क मिळतो, तो घ्यावा.

शेवटी भोक मोठे करायचे. नळी मागे जाड, पुढे बारीक असते, म्हणून भोकही तसेच हवे. गोल कानस हळूहळू फिरवावी. नळी मुठीत सरकेल पण डगडगणार नाही असे झाले की डिंक लावून बसवावी.

आता हिशेब. मिस्त्रींनी दुसरी मूठ केली तेव्हा ते वर्गात सहा महिने आलेले होते. गिऱ्हाईक दुसरे होते. माल मिस्त्रींचा. त्यांनी दीड हजार रुपये सांगायचे ठरवले होते. आम्ही म्हटले, "आधी वहीत मांडा." त्यांनी मांडले. बुचाच्या १६ चकत्या, दर ६० रुपये, झाले ९६०. डिंक १२०. पॉलिश पेपर ७०. लाकडाचे त्यांनी शून्य लिहिले. म्हणाले, "तुकडे घरचेच हायेत की, गुरुजी." आम्ही म्हटले, "घरचे तुकडे आकाशातून पडले का?" तेव्हा ५० लिहिले. माल एकूण १२०० रुपये.

मग तास. चिकटवायला १, वेणी करायला ५, घासायला २, नळीवर बसवायला २. एकूण १० तास. सुताराला दिवसाचे एक हजार रुपये, आठ तासांचा दिवस, म्हणजे तासाला १२५. दहा तासांचे १२५० झाले. माल आणि मजुरी मिळून २४५०.

मिस्त्री वहीकडे बघत राहिले. दीड हजारात त्यांना मजुरीचे फक्त ३०० रुपये सुटले असते. दहा तासांचे ३०० म्हणजे तासाला ३०. "म्हंजी आजवर मी सगळ्या गावाला असंच देत आलो काय?" ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही. त्यांच्या बायको आत चहा करत होत्या. त्या आतूनच म्हणाल्या, "मी तीस वर्सं काय सांगतीया मग?"

मिस्त्रींनी २६०० सांगितले. गिऱ्हाइकाने थोडी घासाघीस केली. २५०० ला ठरले. काम सुरू करण्याआधी मिस्त्रींनी वही पुढे केली. तिच्यात त्यांनी स्वतः लिहिले होते. अक्षर मोठे, ओळ थोडी वर चढलेली. 'जाडी ८ सूत. लांबी ८ इंच. वेणी मागे २ इंच. बूच साधे. व्हार्निश नाही. रुपये २५००. आगाऊ १०००.' खाली सही करा म्हणाले. गिऱ्हाइकाने वाचून सही केली. मिस्त्रींनी त्यांचा हात टेबलावर ठेवायला सांगितला आणि तळव्याची रुंदी मोजून तीही लिहून घेतली. ती चिठ्ठीत कोणी लिहीत नाही.

या कामावर सबंध घर चालत नाही, हे खरे. अशी गिऱ्हाइके महिन्याला एक-दोन. पण मिस्त्री आता त्याच रीतीने विळ्याच्या आणि सुरीच्या मुठी करतात. त्यांना बूच लावत नाहीत, बाभळीचे लाकूड वापरतात. टोकाला पितळेची तार बसवतात, बीदरची युक्ती करून.

मूठ वापरणाऱ्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. त्या मिस्त्री आता कागदावर लिहून देतात. मूठ मळली तर साबणाच्या पाण्याने आणि मऊ फडक्याने धुवावी. तेल लावू नये, बूच काळे पडते. उन्हात तापलेल्या गाडीत काठी ठेवू नये, डिंक सैल पडतो. बुचाला खड्डा पडला तर ते फेकून द्यायचे कारण नाही. घासताना निघालेला बुचाचा भुसा डबीत साठवून ठेवावा. तोच डिंकात कालवून खड्ड्यात भरावा, वाळला की बारीक पेपर मारावा. डाग शोधून सापडत नाही. मात्र ज्या मुठीचा भुसा त्याच मुठीला वापरावा, रंग जुळतो. म्हणून मिस्त्रींच्या फळीवर औषधाच्या रिकाम्या डब्या ओळीने लावलेल्या आहेत आणि प्रत्येकीवर गिऱ्हाइकाचे नाव लिहिलेले आहे.